माशी शिंकली नाही

रंगनाथ पाटलाला देवानं दोन गोष्टी जरा सढळ हातानंच दिल्या होत्या. एक वजन, दुसरी जीभ. वजनापायी एका दसऱ्याला उसन्या घोडीवरून पडून त्याच्या खांद्याचं हाड मोडलं, आणि जिभेपायी पुढच्या दसऱ्याला घरची घोडीच घालवायची वेळ त्याच्यावर आली. हाड वैदूनं बांधून दिलं, ते सांधलंही. जिभेवर मात्र कुठल्या वैदूकडं औषध नव्हतं, अजूनही नसावं.

गोष्ट सन पस्तीसची. नाशकातून गंगापूरकडं जो रस्ता जातो, त्याच्या अंगाला रंगनाथचा मळा होता. वांगी, मिरची, थोडा ऊस, बैल, एक शेळी आणि गुंजी. गुंजी ही घोडी, म्हणजे तेव्हा दोन वर्षांचं शिंगरूच. अंगानं लालभडक आणि आयाळ काळीकुट्ट, अगदी गुंजेच्या दाण्यासारखी, म्हणून नाव गुंजी. तिला जन्म देऊन तिची आई दोन दिवसांत गेली, तेव्हा रंगनाथच्या बायकोनं, लंकाबाईनं, शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजून तिला जगवलं. "मी काय बोळ्यानं दूध पितो काय?" असं लोक आपला शहाणपणा सांगताना म्हणतात. गुंजी खरोखरच बोळ्यानं दूध प्यायलेली, आणि तरी त्या घरात सगळ्यांत शहाणी तीच होती. लंकाबाई चुलीपुढं बसली की ही दारातून मान आत घालून उभी राहायची. पहिली भाकरी तिची, दुसरी रंगनाथची. तो वरवर कुरकुरायचा, पण निजायच्या आधी गोठ्यात जाऊन तिच्या कपाळावर हात ठेवल्याशिवाय त्याचा डोळा लागत नसे.

तर दसऱ्याला गुंजीला धुतली, झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं. सोनं द्यायला लासलगावाहून वाल्मीक आला. हा लंकाबाईचा थोरला भाऊ, कांद्याचा व्यापारी. अंगानं ताडमाड, आणि बोलायला असा गोड की आपण फसलो हे समोरच्याला घरी गेल्यावर कळायचं. फक्त एका गोष्टीला तो टरकायचा, ती म्हणजे शिंक. कांद्याची बोली चालू असताना कोणी शिंकलं तर हा गडी तिथंच बसकण मारायचा, घोटभर पाणी प्यायचा आणि मगच पुढचा भाव बोलायचा.

ओट्यावर शेजारपाजारची चार माणसं बसली होती. वाल्मीकनं आपट्याची पानं रंगनाथच्या हातात ठेवली आणि गोड हसून विचारलं, "मग दाजी, औंदा सीमोल्लंघनाला घोडीवर बसनार ना?"

ओटा खो खो हसला. आदल्या दसऱ्याचं पडणं सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर लंकाबाईनं नवऱ्याला शपथच घातली होती, "पुन्हा घोड्यावर बसलात तर माझं मेलेलं तोंड बघाल!" हे सगळं वाल्मीकला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच त्यानं विचारलं, नाहीतर विचारतो कशाला?

रंगनाथच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माणसानं अशा वेळी पान खावं, तंबाखू चोळावी, काहीही करावं, पण बोलू नये. तो बोलला.

"स्वार हवाय कोनाला? माझी गुंजी बिनस्वाराची उडते! कुंपन असं येतं, अन् ही अशी पार!"

आता यात अगदीच खोटं काही नव्हतं. श्रावणात एकदा शेजारच्या बाजरीचा वास येऊन गुंजीनं निवडुंगाचं कुंपण उडून पार केलं होतं, आणि ते रंगनाथनं एकट्यानं पाहिलं होतं. फक्त कुंपण त्या जागी गुडघ्याएवढं होतं.

"केवढं कुंपन?" वाल्मीकनं विचारलं.

"कंबरभर."

"कंबरभर?"

"छातीभर!" रंगनाथ म्हणाला. वाल्मीकनं अजून एकदा विचारलं असतं तर त्यानं तिला घरावरून उडवली असती.

"अन् नाय उडाली तर?"

"तर घोडी तुमची!"

गेला बाण सुटून. वाल्मीकनं गोड आवाजात पैज पक्की केली. चंपाषष्ठीला तो बहिणीकडं भरीत-रोडगा खायला येणारच होता. त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत गुंजी बिनस्वाराची छातीभर उडाली, तर तो लासलगावच्या चावडीपुढं उभा राहून सांगणार, माझे दाजी थापा मारत नाहीत म्हणून. नाही उडाली, तर दावं धरून घेऊन जाणार. स्टेशनावरच्या त्याच्या टांग्याला चांगलं जनावर हवंच होतं.

टांग्याचं नाव ऐकलं आणि रंगनाथची नजर गोठ्याकडं गेली. त्यानं सगळ्यांना हात जोडले, "बाबांनो, लंकीला यातलं काई कळू देऊ नका." सगळ्यांनी तोंडावर बोट ठेवलं. पाच माणसांनी गुपित ठेवलं म्हणजे ते कसं राहतं, हे काय सांगायला हवं?

दुसऱ्या दिवशी रंगनाथ जुन्या नाशकात चौक मंडईकडं गेला आणि सलाउद्दीनमियाँना घेऊन आला. हे म्हातारे गृहस्थ एके काळी कुठल्याशा संस्थानाच्या पागेत चाबूकस्वार होते. चाबूकस्वार म्हणजे कोवळ्या घोड्याला माणसात आणणारा माणूस. हातात चाबूक मात्र कधी दिसायचा नाही. दिसायची ती तपकिरीची पितळी डबी. दाढी पांढरीशुभ्र आणि मिशा तपकिरीनं पिवळ्या. घोडा आणि तपकीर, दोन्ही गोष्टी नाशकासारख्या कुठं मिळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

मियाँनी गुंजीच्या चारी पायांवरून हात फिरवला, दात पाहिले, कानात काहीतरी पुटपुटले.

"पाटील, पाठीवर बसायचं नाव काढू नका. हाडं कच्ची हाईत. पन मोकळी उडवायला काय हरकत नाय. उलट चांगलंच. पाठीवर ओझं नसलं की जनावर आपला तोल आपनच सांभाळायला शिकतं."

मग त्यांनी विहिरीपासून गोठ्यापर्यंत दोन्ही बाजूंना बाभळीच्या फांद्या रोवून एक गल्ली तयार करून घेतली. आत शिरलं की डावीकडं नाही, उजवीकडं नाही, पुढंच जायचं. मध्ये एक बांबू आडवा, आणि पलीकडच्या तोंडाला परातीत गुळाचा खडा. विहिरीकडून रंगनाथनं गुंजीला सोडायची, बांबूपाशी मियाँ उभे. ना मारणं, ना ओरडणं. पहिले दिवस बांबू जमिनीवरच होता. गुंजी त्यावरून चालत गेली, गूळ खाल्ला, परत आली. मग बांबू विटांवर चढला, मग उलट्या पाट्यांवर, मग खुंट्यांवर. घोट्याचा गुडघा झाला, गुडघ्याची मांडी झाली. गुंजी दुडकत यायची, बांबूपाशी कान टवकारायची आणि टुणकन पलीकडं!

आता एक बारीक गोष्ट. तिच्याकडं तेव्हा कोणाचंच लक्ष नव्हतं. गुंजी गल्लीत शिरली की म्हाताऱ्याचा जीव वर-खाली व्हायचा. जीव वर-खाली झाला की त्याचा हात डबीकडं जायचा. चिमूट नाकात, आणि गुंजी बांबूपाशी पोचते न पोचते तोच, "आऽऽक् छीऽऽ!" बाभळीवरचे होले उडून जायचे. "अल्हम्दुलिल्लाह," असे देवाचे आभार मानून मियाँ मिशा पुसायचे. तोवर गुंजी पलीकडं गूळ खात असायची.

"मियाँ, हातात जादू हाय तुमच्या!" रंगनाथ म्हणायचा.

"मालिकची मेहरबानी," म्हणून मियाँ लाजायचे.

दिवाळी झाली. बांबू रंगनाथच्या छातीला लागला, आणि गुंजी तोही उडाली. रंगनाथला आभाळ ठेंगणं झालं. वाल्मीक चावडीपुढं उभा आहे आणि लासलगाव ऐकतंय, असं चित्र तो जेवताना पाहायचा आणि एकटाच हसायचा. लंकाबाई त्याच्याकडं बघायची आणि ताटात भाकरी वाढायची.

एका संध्याकाळी दोघं बांधावर उभे होते. पश्चिमेला नखाएवढी चंद्रकोर दिसली. मियाँनी दोन्ही हात वर करून दुवा मागितली. रंगनाथनंही हात जोडले. मार्गशीर्ष लागला, आता चंपाषष्ठी आलीच, घोडामैदान जवळच आहे!

"पाटील, उद्यापासून रोजे," मियाँ म्हणाले. "दिसभर पानी नाय, घास नाय, तपकीर नाय. पन घाबरू नका. मी येत जाईन."

"या की," रंगनाथ म्हणाला. चंद्र एकच. एकाला त्यात रोजे दिसले, दुसऱ्याला वांग्याचं भरीत. पुढं काय वाढून ठेवलंय ते दोघांनाही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी रंगनाथनं गुंजीला सोडलं. ती दुडकत आली, बांबूपाशी थांबली, आणि मान वळवून मियाँकडं पाहत राहिली. मियाँ तिच्याकडं पाहत राहिले. मग गुंजीनं बाभळीची एक शेंग ओढली आणि निवांत चघळायला लागली.

बांबू कंबरेवर आणला. नाही. मांडीवर आणला. नाही. गुडघ्यावर आणला, तेव्हा तर तिनं तो हुंगला आणि त्याला अंग घासलं.

"घोडं कुठं पेंड खातंय?" रंगनाथ हवालदिल होऊन म्हणाला. "काल उडत होती. दाणा तोच, गूळ तोच. कुठं माशी शिंकली मियाँ?"

मियाँनी गुंजीचे पाय पाहिले, खूर पाहिले, डोळे पाहिले. सगळं ठीक. म्हाताऱ्याचा उपाशी चेहरा आणखी उतरला. आयुष्यात पहिल्यांदाच एका शिंगरानं त्यांना बुचकळ्यात टाकलं होतं.

मियाँ गेल्यावर रंगनाथनं स्वतः उपाय सुरू केले. "हुप्!" म्हणून पाहिलं. "येळकोट येळकोट!" म्हणून पाहिलं. इकडंतिकडं कोणी नाही असं बघून मियाँचं "अल्हम्दुलिल्लाह"ही म्हणून पाहिलं. ते बहुधा नीट जमलं नाही. शेवटी उडी म्हणजे काय हे तिला दाखवावं, म्हणून त्यानं धोतराचा काचा मारला, पळत आला आणि गुडघाभर बांबूवरून स्वतः झेपावला. एक पाय पलीकडं गेला. दुसरा बांबूला पसंत पडला. पाटील तोंडावर, बांबू पाठीवर, आणि गुंजी मान खाली घालून त्याच्या टोपीचा वास घेतेय.

लंकाबाई पाण्याची घागर घेऊन विहिरीकडं चालली होती. ती क्षणभर थांबली. "अहो, शिकतंय कोन नक्की? ती का तुम्ही?" एवढं बोलून ती पुढं गेली.

चंपाषष्ठी दोन दिवसांवर आली. रंगनाथचं अन्नावरचं चित्त उडालं. त्या सकाळी तो विहिरीपाशी बसला होता आणि गुंजी गल्लीत उगाच रेंगाळत होती. अंगणातल्या चुलीवर लंकाबाई मसाल्याच्या मिरच्या भाजत होती. वाऱ्याचा झोत फिरला, खकाणा रंगनाथच्या नाकात शिरला आणि त्यानं मळा हादरवणारी शिंक दिली.

गुंजीचे कान टवकारले. पाय उचलले. बांबूवरून टुणकन पलीकडं! आणि परातीत गूळ नाही म्हणून मागं वळून रागानं पाहायला लागली.

रंगनाथचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. खकाणा पुन्हा आला, तो पुन्हा शिंकला. गुंजी पुन्हा उडाली, या अंगाला. मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माशी शिंकली म्हणून नव्हे, कोणीच शिंकलं नाही म्हणून घोडं अडलं होतं!

चुलीपाशी लंकाबाई हातात उलथनं धरून उभी होती. तिनं उडी पाहिली, नवऱ्याचं तोंड पाहिलं, आणि पुन्हा मिरच्या परतायला लागली.

मियाँ आल्यावर रंगनाथनं त्यांना सगळं सांगितलं. म्हातारा मटकन बांधावर बसला. "या खुदा! इतके दिवस मला वाटत होतं जादू हातात हाय. जादू नाकात निघाली!" आणि दोघं पोट धरून हसले.

हसू ओसरल्यावर रंगनाथनं चाचरत विषय काढला. "मियाँ, षष्ठीला एकच चिमूट... दिसाउजेडी..."

मियाँनी त्याच्याकडं शांतपणे पाहिलं. "पाटील, घोडी तुमची हाय. तिच्यासाठी सांगाल ते करीन. पन रोजा माझा हाय."

रंगनाथनं आपल्याच कानाची पाळी धरली. "चुकलो मियाँ. तोंडातून गेलं." मियाँनी त्याचा हात धरला, डबी त्यात ठेवली आणि मूठ मिटवली. "आता उस्ताद तुम्ही."

रंगनाथनं आधी खोटी शिंक काढून पाहिली. गुंजीनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्याला स्वतःचीच लाज वाटली. मग त्यानं मोठी चिमूट ओढली. जन्मात तपकीर न ओढलेला माणूस तो, शिंकता शिंकता डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. गुंजी इकडून तिकडं, तिकडून इकडं, घामाघूम! रंगनाथचा जीव भांड्यात पडला. आता वाल्मीक येऊ दे नाहीतर त्याचा बाप.

चंपाषष्ठीला वाल्मीक आला. खंडोबाला नैवेद्य झाला, भरीत-रोडगा झाला, ढेकर दिले गेले. ऊन उतरल्यावर दसऱ्याच्या ओट्यावरची मंडळी गल्लीच्या दोन्ही अंगांना जमली. मियाँ रुमालात गुंडाळलेला एक खजूर मुठीत धरून बांधावर बसले होते आणि त्यांचे डोळे अंजनेरीच्या डोंगराकडं लागले होते. सूर्य मावळला की रोजा सोडायचा, आणि आज तो मावळायचं नावच घेत नव्हता.

बांबू बांधायला घेतला आणि वाल्मीक गोड आवाजात म्हणाला, "थांबा. छातीभर म्हंजे कोनाच्या छातीभर?"

"माझ्या! बोललो मी, तर छाती माझी!"

"दाजी, तुमची छाती म्हंजे माझी बेंबी."

बराच वाद झाला. वाल्मीकच्या छातीला बांबू लावला तर तो रंगनाथच्या हनुवटीला टेकत होता. शेवटी बोलणाऱ्याची छाती धरावी असं मंडळींनी ठरवलं, पण ती फुगवलेली धरावी, अशी वाल्मीकनं पुस्ती जोडली. रंगनाथनं श्वास भरून छाती फुगवली आणि तिच्याबरोबर बांबूही वर गेला.

शेजाऱ्यानं विहिरीकडून गुंजीला सोडलं. रंगनाथ बांबूपाशी उभा. त्यानं चिमूट ओढली. नाक हुळहुळलं, तोंड उघडलं, डोळे मिटले, "आऽऽ... आऽऽऽ..."

शिंक आली नाही.

ती नाकात नव्हती, घशात नव्हती, कुठं दडून बसली होती देव जाणे. माणसाला नको तेव्हा शिंक येते. सोयरिकीच्या बोलण्यात येते, देवाच्या आरतीत येते, सुईत दोरा ओवताना येते. आणि हवी तेव्हा ही अवदसा अशी तोंड फिरवते! गुंजी बांबूपाशी येऊन थांबली आणि त्याच्या वासलेल्या तोंडाकडं पाहत राहिली.

"दाजी, घोडीला गानं म्हनून दाखवताय का?" वाल्मीकनं विचारलं.

दुसऱ्यांदा सोडली. दुसरी चिमूट. "आऽऽऽ..." नाही. भीतीनं नाक कोरडं ठणठणीत झालं होतं. सूर्याकडं पाहिलं की शिंक येते म्हणून त्यानं मान वर केली, तर सूर्य डोंगराला टेकायला आलेला, केव्हाच निवलेला. तिसऱ्यांदा त्यानं सबंध डबीच नाकाला लावली. तपकीर मिशांवर, सदऱ्यावर, जमिनीवर सांडली. डबी रिकामी झाली. गुंजी शेंगा चघळत उभी.

आता कोणी हसलं नाही. रंगनाथनं डबी खाली टाकली, गुंजीच्या मानेवर हात ठेवला, आणि त्याला भडभडून आलं. "माझ्या मेल्या जिभेनं विकली गं तुला," तो म्हणाला. सगळ्यांदेखत म्हणाला, त्याला लाज वाटली नाही. मग त्यानं तिची दोरी उचलून वाल्मीकच्या हातात दिली. "न्या. शब्द तो शब्द. पन टांग्याला जुंपाल तेव्हा तोबऱ्यात गुळाचा खडा टाकत जा. सवय हाय तिला."

वाल्मीकनं दोरी घेतली. त्याचाही चेहरा जरा पडलाच होता, पण व्यापारी माणूस, घेतलेला माल सोडतो थोडाच?

"दादा, जरा थांब."

लंकाबाई अंगणातून येत होती. एका हातात निखाऱ्यांचं घमेलं, दुसरा हात पदराआड.

"लंके, तुला हे..." वाल्मीक चाचरला.

"दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलंय मला. शेजारच्या भागीबाईच्या नवऱ्यानं तिला सांगितलं, तिनं मला. पैज लागली ती लागली, मी काय आड येत नाय." तिचे डोळे लाल होते, आवाज मात्र खणखणीत होता. "पन बोळ्यानं दूध पाजलंय मी तिला. लेक घरातून निघते तर दृष्ट काढल्याबिगर कशी धाडू? तिला नीट उभी कर. इथं नाय, तिकडं विहिरीच्या अंगाला, गल्लीच्या तोंडाशी. दृष्ट काढताना जनावर मोकळं असावं. दोरी सैल धर."

बहिणीचं मन मोडू नये म्हणून वाल्मीकनं गुंजीला गल्लीच्या तोंडाशी नेऊन उभी केली. लंकाबाईनं पदराआडचा हात काढला. दृष्टीला मीठ, मोहरी आणि पाच-सात मिरच्या पुरतात. तिच्या मुठीत मिरच्याच मिरच्या होत्या, चांगल्या ओंजळभर. "आल्यागेल्याची, वाटंच्या वाटसराची, सग्यासोयऱ्याची..." म्हणत तिनं त्या गुंजीवरून ओवाळल्या आणि निखाऱ्यांवर टाकल्या. मग वारा बघितला आणि घमेलं वाल्मीकच्या पायाशी ठेवलं. मियाँनी झटकन रुमाल नाकाला लावला.

"आऽऽक् छीऽऽ!"

निघायच्या वेळी शिंक, आणि तीही स्वतःची! वाल्मीकनं घाबरून दोन्ही हात नाकाशी नेले. दोरी सुटली. गुंजीचे कान टवकारले आणि ती सुसाट निघाली. "आऽऽक् छीऽऽ!" दुसरी शिंक बरोबर बांबूपाशी पोचली. गुंजी उठली. फुगवलेली छाती काय, वाल्मीकची खरीखुरी छातीही खाली राहिली असती. बांबूला खूर लागला नाही. पलीकडं उतरून तिनं परातीतला गूळ तोंडात घेतला, तेव्हा वाल्मीक तिसऱ्यांदा शिंकत होता.

मंडळींनी एकच गलका केला. वाल्मीक डोळे पुसत ओरडला, "ही धरायची नाय! पैज संपली होती! सूर्य मावळला!"

सगळे पश्चिमेकडं वळले. झाडांच्या गर्दीत कोणाला दिसत होता, कोणाला नव्हता. तेव्हा बांधावरून सलाउद्दीनमियाँ उठले. त्यांनी मूठ उघडून पुढं केली. तळहातावर अख्खा खजूर होता.

"वाल्मीकशेठ, आज सूर्यावर माझ्याइतकी नजर कोनाची असनार? तो बुडाला असता तर हा इथं दिसला असता का?"

वाल्मीकनं खजुराकडं पाहिलं, घमेल्याकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं. मग तिथंच बसकण मारली आणि घोटभर पाणी मागितलं. "नको बाई तुझी घोडी. निघताना शिंक आडवी आलेलं जनावर दारात बांधलं तर टांगा रोज उलटंल."

लंकाबाईनं त्याला पाणी दिलं. "ठसका लागला ते बरं झालं दादा. ठसका लागला म्हंजे दृष्ट नव्हतीच. तुझी नजर काय वाईट नव्हती हो."

सूर्य बुडाला. मियाँनी खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायले, आणि जमिनीवर सांडलेल्या तपकिरीतली एक चिमूट हळूच उचलली. "नको, नको!" म्हणून सगळे धावले, पण उशीर झाला होता. सबंध दिवसाची साठलेली शिंक बाहेर पडली. गुंजीनं गूळ सोडला, गल्लीतून दौडत आली, बांबू पार केला आणि थेट लंकाबाईपाशी येऊन तिच्या खांद्यावर मान टाकली. तेव्हा मात्र लंकाबाई हमसून हमसून रडली.

रंगनाथ दोन पावलं मागं घुटमळत उभा होता. काय बोलावं ते त्याला सुचत नव्हतं, आणि हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

"लंके," तो शेवटी म्हणाला, "पुन्हा पैज म्हनून लावनार नाय."

"लावा की," गुंजीच्या आयाळीत डोळे पुसत लंकाबाई म्हणाली. "फकस्त पुढच्या खेपंला घोडी लावू नका, स्वतःला लावा. हरलात तरी न्यायला कोनी यायचं नाय."